साडेचारची तलफ: वनस्पतीजन्य आहारात मधल्या वेळी काय करायचं

दूध, चीज, अंडी आणि मांस सोडून मला चार वर्षं झाली. पहिल्या सहा महिन्यांत जेवणाच्या ताटावर मी एकदाही घसरलो नाही. घसरलो तो दोन जेवणांच्या मधे. दुपारी साडेचार आणि रात्री पावणेअकरा, या माझ्या वैऱ्याच्या वेळा. मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवायच्या, हेच काम. डोकं शिणलेलं, एक हात मोकळा आणि तोंडाला काही उद्योग नाही. खा-खा सुटायला आणखी काय लागतं? एका रात्री फ्रिजच्या उजेडात उभ्यानं, घरच्यांसाठी आणलेल्या चीजच्या चार चकत्या खाल्ल्या. पाचवी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, की भूक लागलेलीच नव्हती.

निश्चय वगैरे याआधी तीनदा करून झाले होते. या वेळी एक वही घेतली.

वही कशी ठेवायची

तीन आठवडे पुरतात. प्रत्येक तलफेला एक ओळ आणि चार रकाने: किती वाजले, नेमकं काय खावंसं वाटलं, शेवटचं जेवण कधी झालं आणि त्यात काय होतं, आदल्या रात्री किती तास झोप झाली. ‘खाल्लं की नाही’ हा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. तो आला की वहीचं प्रगतिपुस्तक होतं आणि प्रगतिपुस्तकात माणूस खोटं लिहितो. मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं.

‘नेमकं काय’ या रकान्यात मात्र आळस नको. ‘काहीतरी चटपटीत’ असं लिहून काही कळत नाही. ‘कुरकुरीत, खारट, बोटांना मीठ लागेल असं’ असं लिहिलं, तर पुढचं अर्धं काम तिथंच होतं. का, ते पुढे येईलच.

तीन आठवड्यांनी वही वाचताना मला आधी स्वतःची थोडी लाज वाटली आणि मग हसू आलं. साडेचारच्या बहुतेक नोंदींसमोर दुपारच्या जेवणाचा रकाना सारखाच होता: मोठा वाडगाभर कच्च्या भाज्या, थोडा भात, वर लिंबू. मी मांस आणि चीज ताटातून काढलं होतं, पण त्यांची जागा रिकामीच ठेवली होती. चार तासांनी पोट ती जागा भरून मागत होतं आणि मी त्याला मोह म्हणत होतो.

साडेचारचा उपाय दुपारी एक वाजता

पोट भरल्याची भावना नुसत्या कॅलरींवर ठरत नाही. १९९५ मध्ये सुझॅना होल्ट आणि सिडनी विद्यापीठातल्या तिच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ सारख्याच ऊर्जेच्या मापानं, म्हणजे साधारण २४० कॅलरींचा, लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास त्यांना किती भरल्यासारखं वाटतं हे विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. क्रोसाँला मिळाले ४७. उकडलेल्या बटाट्याला ३२३! ज्या बटाट्याला सगळे नावं ठेवतात तो पहिला आला. पाणी, तंतू (फायबर), प्रथिनं आणि ताटातलं वजन जास्त असलेले पदार्थ वर राहिले. तेलकट, हलके, फुसफुशीत पदार्थ खाली गेले.

यावरून मी दुपारच्या जेवणाला एकच अट घातली. शिजवलेलं कडधान्य किंवा डाळ एक मोठा कप, नाहीतर दीडशे ग्रॅम टोफू. बाकी ताटात काय हवं ते. शिजवलेल्या मसुराच्या एका कपात, म्हणजे सुमारे २०० ग्रॅममध्ये, जवळपास १८ ग्रॅम प्रथिनं आणि १५ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच काकडी-टोमॅटोत प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास. कोशिंबिरीशी माझं भांडण नाही, पण ती एकटी जेवण होऊ शकत नाही.

सकाळीही असंच एक छिद्र सापडलं. ओट्समध्ये मी बदामाचं दूध घालत होतो. बाजारात मिळणाऱ्या बदामाच्या दुधाच्या पेल्यात प्रथिनं साधारण एक ग्रॅम असतात. सोयाच्या दुधात सातच्या आसपास. दूध बदललं आणि अकराची चुळबुळ आठवड्याभरात बरीच कमी झाली.

एक सावधगिरी. मी उत्साहानं एका दिवसात कडधान्य तिप्पट केलं आणि पुढचे चार दिवस पोट ढोलासारखं झालं. आतड्यांना तंतूंची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात अर्धा कप, मग पाऊण, मग पूर्ण. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि दिवसभर पाणी नीट प्यायचं. मसूर त्यातल्या त्यात सोसवतो, म्हणून त्यापासून सुरुवात करावी.

भूक की तलफ?

जेवण सुधारल्यावरही काही नोंदी उरल्या. त्यांच्यासाठी माझी परीक्षा उकडलेल्या बटाट्याची आहे. स्वतःला विचारायचं: आत्ता नुसतं मीठ लावलेला उकडलेला बटाटा कुणी पुढे ठेवला तर खाशील का? ‘हो, दोन दे’ असं उत्तर आलं तर ती भूक आहे. मग वाद घालू नये, नीट बसून खावं. जेवून साडेचार-पाच तास झाले असतील तर भूक लागणं हा गुन्हा नाही. ‘बटाटा नको, ते दुसरं हवंय’ असं आलं तर ती तलफ. तिच्याशी वेगळं बोलावं लागतं.

(मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थरथर, घाम, घाबरल्यासारखं होणं याला तलफ समजून थांबू नका. डॉक्टरांनी सांगितलंय तसं लगेच करा. आणि खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी आजारापर्यंत गेलं होतं, त्यांनी वही-बिही न ठेवता आधी तज्ज्ञाशी बोलावं.)

जिभेला खरं काय हवंय

चीज सोडलेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, की चीजमध्ये अफूसारखं काहीतरी असतं. त्यात एवढंच खरं आहे, की दुधातलं केसिन पचताना कॅसोमॉर्फिन नावाचे तुकडे तयार होतात. त्यामुळे माणसाला चीजचं व्यसन लागतं हे मात्र सिद्ध झालेलं नाही. मला यापेक्षा साधं स्पष्टीकरण पटतं. मीठ, स्निग्धपणा आणि ग्लुटामेट (प्रथिनांतला एक चवदार घटक) एका घासात आले की जीभ खूश होते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. चीज मुरताना त्यातली प्रथिनं तुटतात आणि हेच ग्लुटामेट मोकळं होतं.

उमामीचा शोध वनस्पतीतून लागला, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे मला हवं होतं ते माझ्याच बाजूला होतं: उन्हात वाळवलेले टोमॅटो, सुके मशरूम, सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी लगदा), न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीचं, निष्क्रिय केलेलं सुकं यीस्ट). तलफ पदार्थाचं नाव सांगते खरी, पण तिला हवी असते एखादी चव आणि दाताखालचा एखादा पोत. वहीतला तो ‘नेमकं काय’ रकाना यासाठीच. माझ्या नोंदींचे शेवटी दोन मोठे ढीग झाले, कुरकुरीत-खारट आणि मऊ-स्निग्ध. गोडाचा ढीग लहान निघाला. तुमचा वेगळा निघेल.

कुरकुरीत हवं असेल तेव्हा

भाजलेले काबुली चणे. पहिल्या वेळी मी ते शिजवून, निथळून, थेट ओव्हनमध्ये ढकलले. बाहेरून चामडं, आतून लगदा, आणि पाच-सहा चणे फटाक्यासारखे फुटून ओव्हनच्या छताला चिकटले. चूक पाण्याची होती. आता असं करतो:

दोन कप शिजवलेले चणे स्वच्छ फडक्यावर पसरून अर्धा तास वाळू द्यायचे, वरून दुसऱ्या फडक्यानं हलके चोळायचे. सुटलेली सालं काढून टाकायची. सगळी सोलत बसू नये, तेवढं आयुष्य नाही. एक मोठा चमचा तेल चोळून ट्रेमध्ये एकाच थरात पसरायचे. २०० अंश सेल्सिअसला ३० ते ४० मिनिटं, मधे दोनदा ट्रे हलवायचा. मीठ आणि मसाला भाजून झाल्यावर, चणे गरम असतानाच लावायचा, कारण लसणाची पूड आधी घातली तर जळून कडू होते. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं आणि चणे आतच निवू द्यायचे. गरम असताना डब्यात भरले तर वाफेनं मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी नरम झालेच, तर पाच मिनिटं पुन्हा भाजले की ताळ्यावर येतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर परतूनही जमतं, फक्त वेळ जातो आणि जागचं हलता येत नाही.

एवढाही धीर नसेल तर मक्याच्या लाह्या. तीन मोठे चमचे दाणे, एक चमचा तेल, झाकणाचं पातेलं, पाच मिनिटं. वर मीठ आणि न्यूट्रिशनल यीस्ट भुरभुरवलं की चीजवाल्या चिप्सची आठवण निम्मी मिटते. वाडगा भलामोठा दिसतो आणि पोटात फारसं काही जात नाही. हात सतत तोंडाकडे जाण्याची ज्यांना सवय आहे, म्हणजे मला, त्यांच्यासाठी हे फार सोयीचं आहे.

मऊ आणि स्निग्ध हवं असेल तेव्हा

अर्धा कप काजू उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी टाकून द्या. दोन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट, एक लहान चमचा लिंबाचा रस, अर्धा लहान चमचा मीठ, लसणाची लहानशी पाकळी आणि एक तृतीयांश कप पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटा. रवाळ राहिलं तर काजू अजून भिजायला हवे होते. भाजलेल्या बटाट्यावर यातले दोन चमचे पुरतात.

दोनच चमचे का, तेही सांगतो. सुकामेवा आणि त्याची बटरं पौष्टिक आहेत म्हणून मी बरेच महिने बेहिशेबी खाल्ली. शेंगदाण्याचं बटर बरणीतूनच, मोठ्या चमच्यानं, काम करता करता. दोन मोठ्या चमच्यांत १९० च्या आसपास कॅलरी असतात आणि दोनवर मी कधी थांबत नव्हतो. आता नियम असा, की बरणी टेबलावर येत नाही. वाटीत काढायचं, झाकण लावायचं, बरणी जागेवर ठेवायची, मग बसायचं. बदाम असतील तर तीस ग्रॅम, म्हणजे साधारण पंचवीस दाणे. सालासकट, आणि चावायला वेळ लागेल असे.

गोडाचं थोडक्यात. केळं गोठवून मिक्सरमध्ये फिरवलं की आइस्क्रीमसारखं होतं, पण सोलून, काप करूनच गोठवा. सालासकट गोठवलेलं केळं सोलायचा प्रयत्न मी सुरीनं केला आहे आणि बोटावर त्याची खूण आहे. बी काढलेल्या खजुरात एक अक्रोड दाबला की चिकट, गोड आणि कुरकुरीत तिन्ही साधतं. गडद चॉकलेटचे दोन तुकडे खायचे तर जेवणानंतर. रिकाम्या पोटी दोनाचे आठ होतात.

पंधरा मिनिटांचा वायदा

ज्या तलफेला भूक नाही आणि जी पोत-चवीच्या तडजोडीलाही तयार नाही, तिला थेट ‘नाही’ म्हणू नये. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि ते अस्वल काही त्यांच्या डोक्यातून हलेना. चीजचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात एक वेगळी रीत रुजवली. इच्छा लाटेसारखी चढते आणि ओसरते, तिला ढकलायचं नाही, तिच्यावर स्वार होऊन पाहत राहायचं. मी पंधरा मिनिटांचा गजर लावतो आणि स्वतःला सांगतो, वाजल्यावर हवं असेल तर खा. गजर वाजतो तेव्हा बऱ्याचदा मी तो कशासाठी लावला होता हेच विसरलेलो असतो. आणि तेव्हाही हवंच असेल तर खातो, बशीत घेऊन, बसून.

त्या पंधरा मिनिटांत डोळ्यांना काम द्यावं. तलफ मुख्यतः चित्रात येते: वितळलेलं चीज, त्याची तार. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की फक्त तीन मिनिटं टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम) खेळल्यावर तलफेचा जोर कमी होतो, कारण ठोकळे आणि चीज दोघांनाही डोक्यातला तोच पडदा हवा असतो. मी टेट्रिस खेळत नाही. भराभर चालून येतो, किंवा खिडकीतून समोर दिसणाऱ्या झाडाचं वेडंवाकडं चित्र काढतो. चित्रं भयंकर आहेत, पण काम होतं.

‘जर-तर’ची वाक्यंही कामाची आहेत. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय: ‘कमी खाईन’ अशा मोघम ठरावापेक्षा ‘अमुक झालं तर तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं जास्त टिकतं. माझं वाक्य: साडेचार वाजले तर आधी पेन खाली ठेवीन, पाणी पिईन, मग बटाट्याचा प्रश्न विचारीन. पेन खाली ठेवणं हा त्यातला खरा भाग, कारण अर्ध्या वेळा मला खाणं नको असतं, थांबायचं असतं.

पाकिटावरची बारीक अक्षरं

इथे माझा धंदा उपयोगी पडतो. ‘व्हीगन’ हा शब्द पाकिटावर मोठा असतो, म्हणून मी तो वाचत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिले तीन शब्द वाचले की पाकीट कळतं. साखर, तेल आणि स्टार्च हे तीनच असतील तर त्यात वनस्पतीशिवाय काही नाही हे खरं, पण पोट भरेल असंही काही नाही. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, तयार) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात ठेवलेल्या जेवणाची ऊर्जा, साखर, तंतू जुळवलेले होते, हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या आठवड्यांत लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले.

उलटं संकटही असतं. मीठ-मसाल्याच्या चिप्समध्ये व्हे, केसिनेट, लॅक्टोज (तिन्ही दुधातूनच येतात) किंवा दुधाची भुकटी लपलेली असते. यादी शेवटपर्यंत वाचा. दूध बहुधा मसाल्याच्या कंसात सापडतं.

तलफ म्हणजे शरीरातल्या कमतरतेचा निरोप, असं खूप जण मानतात: चॉकलेट हवंसं वाटलं तर मॅग्नेशियम कमी, वगैरे. तसं असतं तर मला पालक आणि भोपळ्याच्या बियांची तलफ आली असती. त्यांत मॅग्नेशियम भरपूर असतं. एक अपवाद मात्र गंभीर आहे. बर्फ, माती, खडू असं काही सतत खावंसं वाटत असेल तर लोह तपासून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं, म्हणून जेवणात लिंबू किंवा इतर आंबट फळ असावं आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून नसावी, तासाभराचं अंतर ठेवावं. बी१२ या जीवनसत्त्वाची गोळी तर तलफ असो-नसो घ्यायचीच.

रात्रीचे पावणेअकरा

हे सोडवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सात वाजता जेवायचो, बारापर्यंत जागायचो, आणि पाच तास पोटाला काही न देता त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करायचो. शिवाय वहीत दिसत होतं, की सहा तासांपेक्षा कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी नोंदी जास्त आणि बहुतेक गोड. आता साडेनऊला ठरलेलं खाणं आहे: गरम सोयाच्या दुधात एक चमचा कोको, थोडी साखर, आणि सोबत टोस्ट. ते झालं की दात घासतो. टूथपेस्टच्या चवीवर चीज फारच वाईट लागतं, हे मी एकदा खात्री करून घेतलेलं आहे.

घरातले बाकीचे चीज खातात आणि खावं त्यांनी. त्यांच्या वस्तू वरच्या कप्प्यात, आत दिसणार नाही अशा डब्यात असतात. डोळ्यांच्या रेषेतला कप्पा माझा. आठवड्यातून एकदा अर्धा किलो काबुली चणे भिजवून शिजवतो. त्याचे किलोभराच्या वर होतात. निम्मे कपाकपानं पिशव्यांत घालून गोठवायचे, उरलेल्यातले काही भाजायचे, काही तसेच लिंबू-मीठ लावून पारदर्शक डब्यात. फ्रिज उघडल्यावर पहिल्यांदा तोच डबा दिसला पाहिजे. गुरुवारपर्यंत संपतो. मग मसूर, तो भिजवला नाही तरी वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो.